आमची वाटचाल : राजारामपुरीतलं नेमबाजांच्या चष्म्याचं दुकान

दुकान वडिलांचं, राजारामपुरीत. वाचायचा चष्मा, बायफोकल, मोतीबिंदू झालेल्यांचे चष्मे, एवढंच होतं. २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून रायफल मारायची) वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं आणि कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या पोराला नेमबाज व्हायचं होतं. राही सरनोबत पण आपल्याच गावची. (या दोघींपैकी कुणी आमचं गिऱ्हाईक नव्हतं. ओळख नसताना खेळाडूचा फोटो काउंटरवर लावून धंदा करणाऱ्यातला मी नाही, तसले कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.)

दुधाळीच्या रेंजवरून पोरं यायची, म्हणायची काका नंबर परत काढा, चष्मा लावून पण साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) धूसर दिसते. नंबर बघावा तर बरोबर. मग एका पोराला दुकानातच खाली सतरंजीवर आडवं केलं, हातात छत्रीचा दांडा दिला आणि गालाला लावून बघ म्हटलं, तेव्हा कळलं की हा काचेच्या मधनं बघतच नाही, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातनं बघतोय. चष्म्याचा नंबर मधोमध खरा असतो, मायनस चारची काच आणि नजर सेंटरपासून एक सेंटीमीटर सरकली की चार प्रिझम, म्हणजे समोरचं बाजूला सरकवून दाखवणारा दोष, फुकटात पदरात पडतं, वर काच नजरेला तिरकी असली की डोळ्यात नसलेला सिलेंडर (तिरका नंबर) तयार होतो. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा मार्कांचा मध्य म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथं हे चालत नाही.

याला उपाय जर्मन आणि स्विस लोकांनी कधीच काढलेला. नोब्लॉक, चॅम्पियन या फ्रेमी ज्यांनी वापरल्या त्यांना सांगायला नको, एकच गोल काच, दांडीवर सरकणारी, वर-खाली होणारी, पाहिजे तशी वळणारी, म्हणजे मान कशीही असो काच नजरेला काटकोनात आणि सेंटर बुबुळासमोर. पण त्या किमतीत आमच्याकडच्या पोरांच्या घरात दुभती म्हैस येते. म्हणून मी उद्यमनगरात लेथवाल्या मामांकडं गेलो.

मामांबद्दल लिहायलाच पाहिजे. पंपाचे पार्ट करणारा माणूस, त्यांना मी ३७ एमएमची रिंग दाखवली तर म्हणाले, "एवढ्याशा कडीचं मी काय मागू तुमच्याकडं?" पहिली पितळेची केली, ती नाकावर जड झाली. मग ॲल्युमिनियमची, आत काच बसायला खाच, वरनं आट्याची कडी. आटे इतके बारीक पाडलेत की पोरांनी घाईत तिरकं लावलं तर लागतच नाही, आणि ते मुद्दाम आहे. मामा अजून कामाच्या वेळी मोबाईल उचलत नाहीत, डिलिव्हरीची तारीख मागितली की उलट मलाच विचारतात कधी पाहिजे, आणि मग द्यायची तेव्हाच देतात.

आता मुख्य भानगड. गोल काच गोल रिंगमध्ये फिरते. साध्या मायनसला फरक नाही, पण सिलेंडर असेल तर ॲक्सिस, म्हणजे तो कुठल्या कोनात बसवायचा ते, गेला की सगळं गेलं. ॲक्सिस तीस डिग्री हलला तर जेवढा सिलेंडर घातलाय तेवढीच चूक परत डोळ्यासमोर उभी, म्हणजे काच नसती तरी चाललं असतं. म्हणून आम्ही लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं मशीन) ॲक्सिस लावून बाराच्या काट्याला काचेच्या कडेवर हिऱ्याच्या पेननं बारीक रेघ मारतो आणि रिंगवर समोर पंचचा ठिपका. रेघ ठिपक्याला भिडली की बरोबर. हे डोकं आमचं.

बँकेतले साहेब आमच्याकडं पहिल्यापासून. एअर पिस्तूल मारायचे, पन्नाशी उलटलेली, बायफोकल लावून वरच्या काचेनं टार्गेट लख्ख दिसायचं आणि फ्रंट साइट म्हणजे नुसता धूर. खालच्या काचेतनं बघायला मान वर करावी लागायची. पिस्तुलाची फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण मीटरभरावर, हात आखूड असला तर थोडी अलीकडं. नजर तिथं पाहिजे, दहा मीटरवरच्या काळ्या गोलावर नको. म्हणून लांबच्या नंबरात प्लस अर्धा, पाऊण असं मिळवायचं, चाळिशीनंतर थोडं जास्त लागू शकतं. साहेब लांबचे मायनस सव्वा, आम्ही मायनस अर्ध्यावर आणले, सिलेंडर तसाच ठेवला. दुकानामागचा बोळ देवाच्या कृपेनं दहा मीटरला पुरतो, तिथं भिंतीवर टार्गेटचा कागद आणि हातात मामांनी केलेलं लाकडी पिस्तूल, त्याला पुढं खरी साइट ठोकलेली. साहेब ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची फ्रेम) लावून हात ताणून उभे आणि ओरडतायत, "अहो, टार्गेट धूसर दिसतंय!" म्हटलं साहेब, तसंच दिसायला पाहिजे. असला चष्मा विकायचा म्हणजे काय असतं ते बाकीच्या ऑप्टिशियनना कळायचं नाही, गिऱ्हाइकाला धूसर दाखवून पैसे घ्यायचे. साहेबांनी पटेपर्यंत वहीत लिहून घेतलं, पाव-पाव नंबर बदलून बघितलं, सकाळी आले, दिवेलागणीला आले. एकदा पटल्यावर मात्र रेंजवर आमची जाहिरात त्यांनीच केली.

मधली वर्षं चालत होतं.

मग आमच्याच फिटिंगच्या टेबलावर शिकलेला एक मुलगा सोडून गेला. नाव लिहीत नाही, त्याला पण पोरंबाळं आहेत. मी त्याला ब्लँकवर (न कापलेल्या काचेवर) सेंटर मारायला शिकवलं, एजरवर (काचेची कड घासायचं मशीन) गोल काच अंडाकृती होऊ नये म्हणून दाब कसा धरायचा ते हात धरून शिकवलं. त्यानं आमची रिंग दुसऱ्या लेथवर कॉपी केली, निम्म्या भावात विकायला लागला, तेही ठीक आहे, धंदा आहे. पण रेंजवर पालकांना सांगत सुटला की आमच्या काचा सेकंडच्या, म्हणजे कंपनीनं बाद केलेल्या मालातल्या, असतात. सेकंडच्या! आम्ही तेव्हा नुकताच कर्ज काढून ऑटो एजर घेतलेला, हप्ता चालू, आणि सीझनच्या तोंडावर ऑर्डरी एकामागून एक कॅन्सल. आठवडाभर रिंगेचं एक पाकीट निघेना असं पण झालं. बायको म्हणाली रीडिंग ग्लासेसवर घर चालतं की, हे बंद करा. एजरला गिऱ्हाईक सुद्धा बघितलेलं, सांगलीचं. ज्या पालकांना मी उधारीवर काचा दिल्या होत्या ते समोरून जाताना मोबाईल कानाला लावायचे.

फिरलं ते साहेबांमुळं. रेंजवरच्या एका पोरीचे मार्क अचानक पडले, तिची काच त्या सोडून गेलेल्या मुलाकडची. साहेब तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन दुकानात आले, मी काही न बोलता काच लेन्सोमीटरला लावली आणि वडिलांनाच बघायला सांगितलं. सिलेंडर दीडचा, ॲक्सिस जवळजवळ तीस डिग्री बाहेर. कडेवर रेघच नव्हती! काच पुसताना फिरली की संपलं. रिंग कॉपी केली पण रेघ कशाला मारतात ते विसरला. गोष्ट रेंजवर पोचली, थोडे परत आले, सगळे नाही आले. आणि जे आले त्यातल्या एकानंही आम्ही चुकीचं ऐकलं असं म्हटलं नाही, "काका, तुम्ही मधे बंद केलेलं ना?" असं विचारत आले.

लॉकडाऊनमध्ये रेंज बंद, आम्ही बंद. ते सगळ्यांचंच झालं. २०२४ ला पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं आणि परत बोळात लाइन लागली.

नव्या पालकांना चार गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. पोराचा नंबर आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं थेंब घालून काढून आणा, रेंजवरच्या मित्राचा चष्मा घालून बघून नाही. दुसरा डोळा मिटून मारायला लावू नका, पाच-पंचवीस शॉटनंतर चेहरा आखडतो. त्या डोळ्यासमोर ब्लाइंडर (झाकायची पट्टी) लावा, तीस एमएमपेक्षा रुंद नियमात बसत नाही, आणि काळा लावू नका, दुधी लावा. एक डोळा अंधारात गेला की दुसऱ्याची बाहुली पण मोठी होते, मग साइट परत धूसर. आयरिस (काचेपुढं लावायचं, लहान-मोठं होणारं भोक) चांगली गोष्ट आहे पण चुकीचा नंबर झाकायला ती आवळत बसू नका, भोक लहान केलं की सगळंच शार्प वाटतं आणि ढगाळ दिवशी काहीच दिसत नाही. काच पिस्तुलाला चिकटवायची आयडिया कुणी दिली तर त्याला नियमाचं पुस्तक दाखवा, काच डोळ्यावर घालायची. आणि पॉलीकार्बोनेट, पॉलीकार्बोनेट करत येऊ नका. शॉटगनला घ्या, तिथं उडून येणारे तुकडे असतात, पॉलीच पाहिजे, दोन्ही डोळ्यांना पूर्ण फ्रेम. पण दहा मीटरच्या साइटला मी सीआर ३९ च (साध्या चष्म्याचं प्लास्टिक) देतो, पॉलीत कडेला रंग फुटतात, ॲबे नंबर (जेवढा जास्त तेवढे रंग कमी फुटतात) तीसच्या आसपास, सीआरचा अठ्ठावन्न. आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो, ज्याला नको त्यानं ऑनलाइन घ्यावं.

तो मुलगा आता गॉगल विकतो असं ऐकलं. त्याच्या रिंगेचे आटे झिजलेत, गिऱ्हाइकं काच हातात धरून आमच्याकडं येतात, विचारतात तुमच्या रिंगेत बसेल का. बसते. बसणारच, माप आमचंच आहे. रेघ मारून देतो आणि चार्ज पूर्ण घेतो.