फळ्यावरचे तीन शब्द

नववीत असताना आमच्या वर्गातला पृथ्वीगोल फुटला. फोडला चौघांनी. मी दारात उभा राहून बघत होतो. वर्गशिक्षकांनी विचारले तेव्हा सगळे गप्प राहिले आणि शिक्षा झाली भलत्यालाच. त्या दिवशी वर्ग झाडायची पाळी त्याची होती, म्हणून तो मागे थांबला होता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी पुस्तक मिटून फळ्यावर तीन शब्द लिहिले : संगनमत, साटेलोटे, वाटेकरी. "यातला तुमचा कुठला?"

मी म्हणालो, "संगनमत."

"त्याला आधी एकमत लागतं. गप्प बसायचं तुम्ही ठरवलं होतं?"

नव्हते ठरवले. आम्ही एकमेकांकडे पाहिलेही नव्हते. साटेलोटे हा मूळचा सोयरिकीतला शब्द : त्यांची मुलगी आपण करायची, आपली त्यांच्या घरी द्यायची. तिथे देवघेव हवी. मग बाईंनी वाल्या कोळ्याची गोष्ट काढली. लुटीवर जगलेल्या घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला, ती. मी म्हणालो, "पण बाई, आम्ही काय खाल्लं?" बाई म्हणाल्या, "मार चुकला ना तुमचा? तोच वाटून घेतलात."

आज मी वकिली करतो. 'आरोपींनी आपापसात संगनमत करून' हे वाक्य फिर्यादीत इतके सर्रास येते की कुणी त्यापाशी थांबत नाही. मी थांबतो. कटाच्या आरोपाला दोघांचे तरी ठरलेले असावे लागते. समाईक इराद्याचे, म्हणजे अनेकांनी एकाच हेतूने मिळून केलेल्या गुन्ह्याचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत 34 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 3(5) झाले. तिथेही नुसते हजर असणे पुरत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे मी विचारतो, याचे कधी ठरले, कुणाशी ठरले? दारात उभा असलेला एखादा यादीत बहुधा असतोच. कायद्याने तो सुटतो आणि सुटायलाच हवा. संगनमत हा शब्द त्याच्यासाठी नाही. त्याच्यासाठीचा शब्द कुठल्याच कलमात नाही, तो मला शाळेत मिळाला.

त्या दिवशीचे एक राहिले. तास संपल्यावर शिक्षा झालेला तोच मुलगा फळा पुसायला उठला. 'वाटेकरी'पर्यंत त्याचा हात पोचायच्या आत मी डस्टर काढून घेतले आणि तसाच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. बोलून झाल्यावर लक्षात आले, डस्टर हातातच होते.