आमची वाटचाल : काटा, काहील आणि शनिवारचा पगार

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन खोट्या तागडीबद्दल आहे. कोल्हापुरात गुळाची पेढी सुरू करताना आम्ही तिथूनच सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन दर १२ महिन्यांनी करून घ्यावं लागतं. पण शिक्का बसलेल्या काट्यावरही दोन वजनं निघू शकतात. शेतकऱ्याचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, २९ किलो ८५० ग्रॅम भरला तर घेताना २९.५ लिहायचा आणि विकताना तोच ३० धरायचा. थैलीत लहानमोठी दोन वजनं ठेवू नका, असं बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सांगितलंय. आज ती दोन वजनं वहीत असतात. म्हणून खरेदी असो की विक्री, काट्यावरचा आकडा ग्रॅमसकट लिहायचा आणि कडता, म्हणजे वजनातली सवयीची कपात, घ्यायचा नाही, हा पेढीचा पहिला नियम झाला.

दुसरा नियम बारदानाचा, म्हणजे रव्यावरच्या गोणपाटाचा. कोरडं बारदान ४०० ग्रॅम भरत असेल तर दमट हवेत तेच ५५० पर्यंत जातं. वजावट मात्र सवयीनं ४०० चीच होते. म्हणजे ४० रव्यांच्या गाडीत ६ किलो गूळ ग्राहकाला मिळतच नाही. ४५ रुपये दरानं हे २७० रुपये झाले. कुणाला कळतही नाही, आणि मोह असतो तो नेमका इथंच. आता प्रत्येक गाडीला पाच रिकामी बारदानं काट्यावर ठेवून सरासरी काढतो. चूक मागाहून सापडली तर बायबलच्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाप्रमाणे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा परत करतो. वरच्या हिशेबात २७० अधिक ५४, एकूण ३२४ रुपये. पाचवा हिस्सा खिशातून गेला की पुढच्या वेळी हात आपोआप सावध होतो.

सगळ्यात अवघड होतं ते हायड्रॉस, म्हणजे गुळाला पिवळा रंग आणणारं गंधकयुक्त रसायन. उकळत्या रसावरची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस पुरतो, रसाची आम्लता उतरवायला चुन्याची निवळी. एवढ्यावर गूळ सोनेरी-तपकिरी होतो. बाजाराला तो पिवळाधमक लागतो, विशेषतः गुजरातकडे जाणारा. मग काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, हायड्रॉस पडतं. तो रंग टिकत नाही. हवा लागली की काही आठवड्यांत गूळ परत काळवंडतो, गंधक मात्र आत राहतं. कायद्यात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे, पण गुऱ्हाळावर मापतं कोण? गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, अंदाजानं टाकतो.

नुसतं गुळव्याला रागावून काही होत नाही. हायड्रॉसची गरज पडते कारण ऊस शिळा असतो. तोडून दोन-तीन दिवस पडलेल्या उसातली साखर फुटते, गूळ काळा होतो, नीट बसत नाही, आणि तो दोष रंगानं झाकला जातो. म्हणून आम्ही भाव रंगावर द्यायचं सोडून ताजेपणावर द्यायला लागलो. तोडीपासून २४ तासांत गाळलेल्या उसाच्या गुळाला क्विंटलमागं जादा पैसे, आणि काहील ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ पावसाळ्यात पाझरतो, उशिरा उतरवली तर करपट लागतो. शेतकऱ्याला परवडेल असा भाव न देता त्याच्याकडून चोख मालाची अपेक्षा धरणं, हाही अन्यायच आहे असं आम्हाला वाटतं.

लेबलवर ‘सेंद्रिय’ लिहीत नाही. हायड्रॉस नाही म्हणून ऊस सेंद्रिय ठरत नाही. शेतात युरिया पडलेला असतो आणि प्रमाणपत्र आमच्याकडं नाही. तुमचं होय ते होय असू द्या, हे मत्तय ५ मधलं सांगणं लेबललाही लागू आहे. तिथं ‘हायड्रॉस न वापरलेला’ एवढंच असतं, आणि मागितला तर तपासणीचा कागद.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काटा चोख ठेवला म्हणून तारण, म्हणजे पापापासून सुटका, मिळत नाही. ते कृपेनं, विश्वासाच्या द्वारे मिळतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात हे आधी आहे आणि सत्कृत्यं त्यानंतर. हा क्रम उलटला की चोख माणूस गर्विष्ठ होतो, शेजारच्या पेढीकडं तुच्छतेनं बघायला लागतो. ते पापही काट्यावरच्या पापाइतकंच खरं आहे.

हमालांचा पगार शनिवारी, सूर्य मावळायच्या आत. मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, ही अनुवाद २४ ची आज्ञा आहे. हंगाम थंडीचा, सहाच्या सुमारास अंधारतं, म्हणून चारला भराई थांबते आणि साडेचारला हिशेब होतो. रोकड शुक्रवारीच काढून ठेवतो. ऐनवेळी सर्व्हर बंद आहे ही सबब हमालाच्या घरी चुलीवर शिजत नाही. उचल दिली तर व्याज नाही, आणि नोंद दोन वह्यांत, एक आमची, एक त्याची.

रविवारी उपासना असते, भराई नसते. ट्रान्सपोर्टवाल्याला हे गाडी ठरवतानाच सांगावं लागतं, नाहीतर रविवारी पहाटे ट्रक दारात उभा राहतो आणि ड्रायव्हरचा दिवस फुकट जातो. तसं झालंच तर त्याचा थांबण्याचा खर्च आम्ही देतो.