तुम्ही विचारलंत म्हणून: डीएससी टोकनचा ड्रायव्हर डेबियनमध्ये का नाही?

"तुम्ही डेबियनमध्ये स्मार्ट कार्डची पॅकेजं सांभाळता ना? मग आमच्या टोकनचा ड्रायव्हर टाकून का देत नाही?" ठेकेदार विचारतात, सीए विचारतात, वकीलही विचारतात. आजवर मी तुटक उत्तरं दिली. आज पूर्ण देतो. डीएससी म्हणजे ऑनलाइन सही करायचं डिजिटल सर्टिफिकेट, आणि डेबियन म्हणजे लिनक्सवर चालणारी एक खुली प्रणाली; तिच्यात सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपात बसवतात.

अर्धं काम झालेलं आहे. टोकन म्हणजे एकाच यूएसबी काडीत बसवलेले रीडर आणि कार्ड. रीडरशी बोलायला पीसीएससी-लाइट आणि सीसीआयडी ड्रायव्हर आहेत. दोन्हींचा सोर्स खुला आहे आणि लुदोविक रूसो ते कित्येक वर्षं निगुतीने सांभाळत आहेत. त्यावर ओपनएससी हे खुलं सॉफ्टवेअर बसतं. कार्डावरच्या फाइली वाचून ते ब्राउझरला पीकेसीएस-११ या ठरलेल्या पद्धतीने किल्ल्या आणि सर्टिफिकेटं दाखवतं. अडतं ते इथे. कार्डावर कुठली फाइल कुठे ठेवायची हे टोकन बनवणारी कंपनी ठरवते, आणि ती मांडणी बहुधा कुणाला सांगत नाही.

माझा एक मावसभाऊ सांगलीकडे पाणीपुरवठ्याची कामं घेतो. निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "दादा, काडीचा दिवा लागतोय, पण सर्टिफिकेट दिसत नाही." पीसीएससी-स्कॅन, म्हणजे रीडर आणि कार्ड दिसतात का ते तपासणारा प्रोग्राम, चालवायला सांगितला. रीडर दिसला, एटीआरही (कार्ड स्वतःची ओळख म्हणून देतं ते उत्तर) आला. ओपनएससीने चिपसुद्धा ओळखली. पण यादी रिकामी. सर्टिफिकेट कंपनीच्या सॉफ्टवेअरने, कंपनीच्या मांडणीत लिहिलं होतं, आणि ओपनएससी त्याच चिपवर आपली वेगळी मांडणी शोधत होतं. मी हे समजावत असताना तो मध्येच म्हणाला, "इथं एका ठिकाणी लिहिलंय, कार्ड पुसून पुन्हा इनिशियलाइझ करा. कमांड टाइप केलीय. एंटर मारू?"

मी फोनवर ओरडलो. खाजगी किल्ली टोकनमधून बाहेर काढता येत नाही, तिची प्रत कुठेही नसते. पुसली की गेली. मग नवं डीएससी, पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा पैसे, पोर्टलवर पुन्हा नोंदणी. तेवढ्यात मुदत संपली असती. त्याने एंटर मारलं नाही. एका ओळखीच्या सीएंच्या विंडोज मशीनवरून त्याने निविदा भरली. रात्री पुन्हा फोन केला आणि एवढंच म्हणाला, "दादा, तुमचंच पॅकेज होतं ना ते?"

हो, माझंच. आणि पॅकेजमध्ये दोष नव्हता. हे मी त्याला सांगितलं, पण त्याच्या दृष्टीने त्याला काय अर्थ होता?

"मग कंपनीची .एसओ फाइलच घाला," असं तुम्ही म्हणाल. म्हणजे कंपनीने तयार करून दिलेला, आतलं न दाखवणारा ड्रायव्हर. पुढे वाटायची परवानगी परवान्यात लिहिलेली नसेल तर ती नॉन-फ्रीमध्येही, म्हणजे खुल्या नसलेल्या सॉफ्टवेअरच्या डेबियनमधल्या विभागातही, घेता येत नाही. परवानगी मिळाली तरी ती फाइल तुमचा पिन घेते, आणि आत काय करते ते मला वाचता येत नाही. काही फाइली तर पीसीएससी-लाइटची लायब्ररी libpcsclite.so याच नावाने शोधतात. डेबियनमध्ये ते नाव फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या -डेव्ह पॅकेजमध्ये असतं, चालणाऱ्या प्रोग्रामसाठी libpcsclite.so.1 आहे. एक अंक लिहायला कंपनी विसरते, आणि बगची तक्रार माझ्याकडे येते.

पूर्वी मी वेगळं बोलायचो. कॉन्ट्रिबमध्ये, म्हणजे स्वतः खुल्या पण बंद सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या विभागात, एक लहान पॅकेज करू, ते कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून बसवेल, असा माझाच आग्रह होता. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, उद्या कंपनीने तिथली फाइल बदलली तर? चेकसम (फाइल तीच आहे ना हे तपासायचा आकडा) जुळणार नाही, पॅकेज मोडेल. चेकसम काढून टाकावा, तर डेबियनच्या सहीवर विश्वास ठेवून लोक रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार देऊन, काय चालवत आहेत हे मलाच माहीत नसेल. तो पूर्वीचा मी मात्र मला विचारेल, मग त्या दुपारी तुझ्या भावाला तू काय दिलंस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

एका कंपनीला मी पत्र लिहिलं होतं, फक्त मांडणीची कागदपत्रं द्या, ड्रायव्हर आम्ही लिहू. उत्तर आलं, आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. त्यावर सही केली, तर त्या माहितीतून खुला ड्रायव्हर लिहिता येत नाही.

तुमचं टोकन चालत नसेल तर पीसीएससी-स्कॅनमधली एटीआरची ओळ मला पाठवा, मी बघेन. पिन पाठवू नका. आणि कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी कार्ड पुसू नका.