पिवळी रेषा दिसली की पांढरी विसरा: जर्मनी ते इटली, स्वतः गाडी चालवत

"लेन पाळा, हॉर्न वाजवू नका, बाकी सगळं सोपं आहे." निघण्याआधी जो भेटला त्याने हेच ऐकवलं. मार्ग होता फ्रँकफर्ट, म्युनिक, इन्सब्रुक, वेरोना आणि झुरिकवरून परत. लेन पाळायला माझी ना नव्हती हो, पण कुठली लेन? एकाच डांबरावर पांढऱ्या रेषा सरळ आणि पिवळ्या तिरक्या चालल्या असतील तर काय करायचं, हे एकानेही सांगितलं नव्हतं.

तर ऐका. जर्मनीत पिवळी रेषा म्हणजे रस्त्याच्या कामापुरती आखलेली तात्पुरती रेषा, आणि ती असेल तिथे पांढरी रद्द. पांढरी कोणी खोडत नाही, ती तशीच खाली चमकत असते. पावसात, संध्याकाळी, समोरून दिवे येत असताना दोन्ही सारख्याच दिसतात. कधीकधी तर अख्खी लेन दुभाजक ओलांडून विरुद्ध दिशेच्या रस्त्यावर नेऊन सोडतात. अशा वेळी पुढच्या ट्रकच्या मागे न जाता पिवळ्या रेषेवर नजर ठेवा.

खरा संताप पुढेच. गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाने आम्ही मागितलेल्या साध्या गाडीऐवजी नऊ आसनी व्हॅन दिली, वर "पैसे तेवढेच" म्हणून उपकारही केले. कामाच्या टप्प्यात डावी लेन अरुंद करतात आणि लाल वर्तुळात २.१ मीटरची पाटी लावतात. ही रुंदी आरशांसकट मोजायची. नोंदणीच्या कागदावरची रुंदी मात्र आरसे सोडून असते. व्हॅन कागदावर १.९ मीटर, आरशांसकट २.३ च्या आसपास. म्हणजे डावी लेन आम्हाला बंद. प्रत्येक कामाच्या टप्प्यात उजवीकडे ट्रकांच्या रांगेत, ताशी ८० किंवा ६०, आणि शेजारून छोट्या गाड्या भुर्र. एकदा नाही, दिवसभर! माणसं पाचच्या आत असतील तर व्हॅन फुकट दिली तरी घेऊ नका. आणि दंड झालाच, तर पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे गाडीवाले वेगळे पैसे लावतात. करारातलं ते कलम सही करण्याआधी शोधा.

लेन संपत असली की रस्त्यावर वाकडे बाण रंगवलेले दिसतात. आपण घाबरून लगेच घुसायला बघतो. तसं करू नका. लेन संपते तिथपर्यंत जायचं आणि एक इकडची, एक तिकडची अशी आळीपाळीने गाडी घालायची. तिथे तो नियमच आहे. वाहतूक तुंबली की सगळ्यात डावीकडच्या लेनवाल्यांनी डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं, मधून रुग्णवाहिकेला वाट. हे जर्मनीत आणि ऑस्ट्रियातही. सायरन ऐकू यायची वाट बघायची नाही, रांग मुंगीच्या गतीने चालायला लागली की लगेच.

सलग आणि तुटक रेषा जोडीने असतील तर आपल्या बाजूची कुठली तेवढंच बघा: तुटक असेल तर ओलांडता येते, सलग असेल तर नाही. आडवी ओळ त्रिकोणांची आणि टोकं तुमच्याकडे रोखलेली, म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या. आडवा जाड पट्टा आणि स्टॉपची पाटी असेल तर चाकं पूर्ण थांबायलाच हवीत, रस्ता रिकामा असला तरी.

इन्सब्रुक ते वेरोना छान गेलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

इटलीत पार्किंगचे रंग पाठ करून जा. निळी चौकट म्हणजे पैसे, पांढरी बहुधा फुकट (पण शेजारची पाटी वाचा, वेळेची मर्यादा असू शकते), पिवळी राखीव. रिकामी पिवळी दिसली म्हणून हुरळू नका.

स्वित्झर्लंडमध्ये शिरलात की जर्मनीतला पिवळा डोक्यातून काढा. तिथले झेब्रा क्रॉसिंगच पिवळे असतात, आणि ते कायमचे. निळ्या चौकटीत काचेमागे पार्किंगची तबकडी (गाडी किती वाजता लावली ते दाखवणारी) लावावी लागते. ती गाडीत आहे का, हे किल्ली घेतानाच बघून घ्या. आमच्या त्या ऐसपैस व्हॅनमध्ये नव्हती.