स्क्रू सैल केलेलं यंत्र: आओयामा ते किर्यू

टोकियोच्या ओमोतेसांदो स्टेशनातून वर आलं की मिनामी-आओयामाचा भाग सुरू होतो. रेई कावाकुबो, योहजी यामामोतो आणि इस्से मियाके या तिन्ही जपानी फॅशन डिझायनरांची दुकानं इथे रमतगमत चालत जाण्याइतकी जवळ आहेत. मी इचलकरंजीची. घरात यंत्रमाग असल्यामुळे कपड्याआधी कापड बघायची सवय लहानपणापासूनची. या तिघांचं काम वर्षानुवर्षं फोटोत पाहत आले होते. या खेपेला ते हातात घेऊन बघायचं, आणि जमलं तर तसलं कापड विणणाऱ्या गावापर्यंत जायचं, असं ठरवून निघाले.

कावाकुबोंच्या 'कॉम दे गार्सॉं'चं दुकान लांबूनच ओळखू येतं. निळ्या ठिपक्यांची, कललेली, वक्र काच. 'फ्युचर सिस्टिम्स' या लंडनच्या वास्तुरचनाकारांनी १९९९ मध्ये केलेली. आत गेल्यावर एक काळं लोकरी जॅकेट उचललं. खालची कड कापून तशीच सोडल्यासारखी, दशा लोंबत असलेली. सवयीने उलटं करून पाहिलं, तर आतून ती कड इतक्या बारीक टाक्यांनी धरलेली होती की तिथून आणखी एक धागासुद्धा निघाला नसता. किती उसवायचं आणि कुठे थांबायचं, हे कुणीतरी मन लावून ठरवलेलं होतं. बराच वेळ मी ती कड बघत उभी राहिले. दुकानातल्या मुलीने काही विचारलं नाही की घाईही केली नाही.

कावाकुबोंचा जन्म १९४२ चा. फॅशनचं रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. केइओ विद्यापीठात त्या सौंदर्यशास्त्र शिकल्या, मग आसाही कासेई या धागे बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरात विभागात लागल्या आणि १९६९ मध्ये स्वतःचे कपडे करायला लागल्या. म्हणजे सुरुवात धाग्यांच्या संगतीतच झाली, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चित्र काढून शिंप्याला द्यायचं, ही त्यांची पद्धतच नाही. एकदा त्यांनी आपल्या पॅटर्न कापणाऱ्यांना नुसता चुरगाळलेला कागद दिला आणि असं काहीतरी करा म्हणून सांगितलं, हा किस्सा त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

१९८१ मध्ये कावाकुबो आणि यामामोतो दोघांनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा कपडे दाखवले. तो काळ खांद्यात पॅड भरलेल्या, कमरेला घट्ट, झगमगीत पोशाखांचा. त्यात हे काळे, ढगळ, भोकं पडलेले कपडे. काही पत्रकारांनी त्यांना थेट हिरोशिमाच्या नावाने हिणवलं. मियाके स्वतः हिरोशिमाचे, बॉम्ब पडला तेव्हा सात वर्षांचे होते, हे लक्षात घेतलं की तो शेरा किती निर्दय होता ते कळतं.

कावाकुबोंचा १९८२ चा तो काळा भोकांचा स्वेटर माझ्या मनात कायमचा घर करून आहे. विणयंत्राचे स्क्रू मुद्दाम सैल करून तो विणला होता. यंत्राने आपलं ठरलेलं काम नीट करूच नये, अशी तजवीज. आमच्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. तार तुटली, भोक पडलं, की तपासणीत ते निघतं आणि व्यापारी पैसे कापतो. माझ्या लहानपणी मेंडिंगवाल्या बायका टेबलावर ताणलेल्या ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडातली एकेक चूक सुईने भरत बसायच्या. त्यांच्या शेजारी बसून मोठी झालेल्या मला तो स्वेटर बंडखोर वगैरे वाटण्याआधी ओळखीचा वाटला. भोक कुठे पडतं, कशाने पडतं, हे ज्याला माहीत आहे तोच ते हवं तसं पाडू शकतो. स्क्रू किती फिरवला म्हणजे वीण सुटेल पण स्वेटर हातात राहील, हे ठरवणारा कारागीर त्या यंत्रापाशी उभा होता. त्याच्याबद्दल कुठे फारसं वाचायला मिळत नाही, याची मला खंत आहे.

यामामोतोंच्या दुकानात एक लांब काळा कोट घालून पाहिला, लोकरीच्या गॅबर्डीनचा. जपानी दुकानात घालून बघायच्या खोलीत बूट बाहेर काढून जायचं असतं. डोक्यातून घालायचा कपडा असला तर चेहऱ्यावर घ्यायला पातळ जाळीदार पिशवी देतात, म्हणजे कपड्याला मेकअप लागत नाही. कोट जड होता, पण वजन खांद्यावर नीट वाटलं गेलं होतं. अंगाला तो खांदे सोडून कुठेच टेकत नव्हता, आणि चालताना मागचा भाग अर्ध्या पावलाने उशिरा येत होता. यामामोतोंचे वडील युद्धात गेले. आईने टोकियोच्या काबुकिचो भागात शिलाईचं दुकान चालवून घर ओढलं. मुलगा कायदा शिकून तिच्या हाताखाली कामाला आला, मग बुंका फॅशन कॉलेजात गेला. पुरुषांच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून बायकांना कपड्यात आवळायचं, हे त्या दुकानात रोज बघितलेल्या मुलाने आयुष्यभर ढगळ कपडे कापले.

आणि काळा रंग. ऐंशीच्या दशकात टोकियोत कावाकुबो आणि यामामोतोंचे कपडे घालणाऱ्या तरुणांना 'कावळ्यांची जमात' म्हणायचे. आमच्या घरात काळं चालायचं ते संक्रांतीला. आजीची काळी चंद्रकळा तेवढ्यासाठी पेटीतून निघायची, आणि त्या दिवशी ती घरातली सगळ्यात रुबाबदार बाई दिसायची. काळ्या कपड्यात रंग नसल्यामुळे पोत, घडी, कापडाचा पडाव हे सगळं नजरेत भरतं. ही गोष्ट मला चंद्रकळेने आधीच शिकवली होती. म्हणून तो कोट मी परत अडकवून ठेवला. किंमत परवडणारी नव्हतीच, पण ती परवडली असती तरी मी नुसती यामामोतोंची गिऱ्हाईक दिसले असते.

मियाकेंबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिलं जातं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'प्लीट्स प्लीज'मध्ये कपडा आधी शिवतात, हव्या त्या मापाच्या अडीच-तीनपट मोठा, आणि मग कागदाच्या दोन थरांत घालून गरम दाबयंत्रातून काढतात. चुण्या कायमच्या बसतात. पॉलिस्टरला उष्णतेने आकार धरून राहायची सवय असते, तिचा हा उपयोग. भारताशी त्यांचं नातं जुनं आहे. अहमदाबादच्या आशा साराभाईंच्या कार्यशाळेसोबत ऐंशीच्या दशकापासून त्यांचं काम चाललं. पुढे त्यांच्या कापडविभागाच्या प्रमुख माकिको मिनागावा यांनी २००० मध्ये 'हाट' हे लेबल काढलं. तिथल्या एका सुती जॅकेटवरचे हाताचे टाके बघताना आपल्याकडची गोधडी डोळ्यांपुढे आली.

रस्त्यात एक सत्तरीच्या आजी भेटल्या. भेटल्या म्हणजे सिग्नलला शेजारी उभ्या होत्या. अंगात चुण्यांचा राखाडी झगा, त्यावर पुरुषी मापाचं, कोपराला ठिगळ लावलेलं खादीसारखं जाकीट, गळ्यात घरी विणलेला मफलर. झगा अर्थातच मियाकेंचा, पण माझं लक्ष जाकिटाकडे होतं. ठिगळ निळ्या धाग्याने लावलेलं आणि टाके सरळ, एकसारखे. संपूर्ण आओयामात त्यांच्याइतकं स्वतःचं कुणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आसाकुसाहून तोबू रेल्वेची 'र्योमो' गाडी पकडून किर्यूला गेले. गुन्मा प्रांतातलं हे विणकरांचं गाव. पश्चिमेला क्योतोचं निशिजिन आणि पूर्वेला किर्यू, अशी तिकडे जुनी म्हण आहे. गावात शिरताना छपरं दिसली आणि मी हरखले. करवतीच्या दात्यांसारखी एकामागे एक उभी, प्रत्येकाच्या उत्तर बाजूला काच. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन थेट येत नाही, त्यामुळे रंगातला आणि विणीतला फरक बरोबर दिसतो. अशी दोनशेहून जास्त छपरं अजून उभी आहेत म्हणतात. कुठे बेकरी झाली आहे, कुठे गोदाम, पण काहींमधून मागाची खटखट अजून येते. तो आवाज ऐकल्यावर मला कुणाला वाट विचारावी लागली नाही.

जुनिची आराई याच गावचे, १९३२ मध्ये विणकराच्या घरात जन्मलेले. मियाके आणि कावाकुबो या दोघांसाठीही त्यांनी कापडं केली. वेगवेगळ्या प्रमाणात आटणारे धागे एकत्र विणायचे आणि मग धुवायचं, म्हणजे सपाट कापड स्वतःहून फुगतं, आक्रसतं. धातूचा थर दिलेल्या प्लास्टिक फिल्मच्या बारीक पट्ट्या विणायच्या आणि नंतर तो धातू ठरावीक जागीच विरघळवायचा. १९८४ मध्ये त्यांनी रेइको सुदो यांच्यासोबत 'नुनो' ही कंपनी काढली. तिचं दुकान टोकियोच्या रोप्पोंगीत आहे आणि माझं ऐकाल तर आओयामाआधी तिथे जा. २०१७ मध्ये आराई गेले. पॅरिसला चकित करणाऱ्या कपड्यांचा निम्मा चमत्कार अशा माणसांच्या मागावर घडला होता.

'युकारी' नावाच्या कापड संग्रहालयात जुने माग, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा सगळं बघून झालं. दुपारी साडीच्या काठाएवढे रुंद 'हिमोकावा' उदोन खाल्ले, आणि मग एका लहानशा कारखान्यात गेले. तिथल्या वयस्कर विणकरांना फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं, की आमच्याकडेही माग आहेत. त्यांनी लगेच एक कांडी माझ्या हातात ठेवली. रेशमी धागा, खळ लावून जबरदस्त पीळ दिलेला. दोन बोटांत धरून सैल सोडला तर त्याने स्वतःभोवती वेटोळं घातलं. किर्यूच्या 'ओमेशी' कापडाचं मर्म हेच. आडव्यात उजव्या पिळाचे दोन धागे, मग डाव्या पिळाचे दोन, असं आलटून पालटून विणायचं. मागावर कापड सपाट दिसतं. गरम पाण्यात खळ निघाली की कोंडलेला पीळ सुटतो आणि सगळ्या कापडावर बारीक सुरकुत्या उठतात. त्यांनी न धुतलेला आणि धुतलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवला. रुंदी बरीच कमी झाली होती. मी हाताच्या वितीने मोजायला लागले तर ते हसले आणि स्वतःची मोजपट्टी पुढे केली.

आपली अशी वेगळी शैली कशी करायची, हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात, आणि माझं उत्तर आता पक्कं आहे. जे कापड आपल्या हाताला आधीपासून कळतं, तिथून सुरुवात करा. माझ्या हाताला इरकल कळतं, खण कळतो, घोंगडीची जाड लोकर कळते, आणि १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून निघत आलेलं साधं सुती कापडही कळतं. या कापडांना कुणी चुरगाळून, आटवून, उलटं करून पाहिलं आहे का? ते करायला मी मोकळी आहे.

आल्या आल्या चुलतभावाच्या कारखान्यात गेले. जास्त पिळाचा सुती धागा आडव्यात घालायचा म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, ह्यो धागा कांडीवरनं सुटला की गुंतणार. वाफ द्याय लागंल. आणि उजवं-डावं आलटून पालटून पायजे आसंल तर दोन धोट्यांचा माग लागंल, आपला एकाच धोट्याचा हाय." मग एकाच पिळाचा घातला. चिरिमेन या सुरकुत्यांच्या जपानी कापडातही असा एक प्रकार आहे: एकाच दिशेचा पीळ असला की सुरकुत्या उभ्या, लांब येतात. आमचंही तसंच झालं. गरम पाण्यातून काढल्यावर कापड हातभर रुंदीला आलं आणि सगळ्या अंगावर उभ्या लाटा उठल्या. मागाच्या वहीतून आणि फणीतून उभे धागे ओवून देणारे वहिफणीवाले काका तुकडा उजेडाला धरून म्हणाले, "धुतल्यावर आटलं म्हणून कापड परत यायचं, तुमी तर आटवायलाच विणलासा."

त्या कापडाचा एक बिनबाह्यांचा लांब अंगरखा शिवला आहे, चंद्रकळेसारखा काळा रंगवून, आजीच्या इरकल साडीच्या पदराचा तुकडा पाठीला आतून लावून. कड कच्चीच ठेवली आहे, पण आतून बारीक टाक्यांनी धरलेली. शिंपीकाकांनी ती दोनदा दुमडली आणि मी दोनदा उलगडली. आता डाव्या पिळाचा धागा मागवला आहे आणि भाऊ दोन धोट्यांचा जुना माग कुणाकडे बंद पडून आहे का ते बघतोय.