चष्मेवाल्या काकासाहेबांचा संसार: केळकर संग्रहालय सावकाश कसे पाहावे

शनिवारवाडा आणि सारसबाग उरकून पुण्याहून परतणाऱ्या पाहुण्यांना माझे एकच सांगणे असते: नातूबागेसाठी निदान तीन तास राखून ठेवा. तिथले राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यापासून जरा आत आहे. मेट्रोने मंडईला उतरलात तर चालत दहाएक मिनिटे लागतात. स्वारगेटहून रिक्षा केलीत तर ती शिवाजी रस्त्याने वर जाऊन वळून येते, कारण बाजीराव रस्ता स्वारगेटच्या दिशेने एकेरी आहे. मीटर थोडे जास्त पडते ते त्यामुळे. चारचाकी मात्र नेऊच नये, पेठेत ती लावायला जागा मिळत नाही. सकाळी दहाला दार उघडते तेव्हाच आत शिरावे. शाळांच्या सहली आल्या की कपाटांपुढे उभे राहणे कठीण होते.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे सगळ्यांचे काकासाहेब, चष्म्याचा व्यवसाय करत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि दुकान सांभाळून ते गावोगाव हिंडू लागले. पत्नी कमलाबाई या कामात बरोबरीने होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. वडिलांनी जन्मभर जमवलेले सगळे त्याच्या स्मृतीला वाहिले. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या, १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये काकासाहेबांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. आज संग्रह २०,००० च्या पुढे आहे. मांडलेल्या वस्तू त्यातल्या जेमतेम २,५०० असतील.

माझ्या मते या माणसाचे मोठेपण त्याच्या निवडीत आहे. तलवारी आणि ढाली कुणीही जमवतो. काकासाहेबांची नजर न्हाणीघर, माजघर आणि देवघरावर होती. जी वस्तू तुटली की घरचे लोक मोडीत घालतात, ती त्यांनी उचलून आणली.

वज्रीच घ्या. पाय घासायची ही पितळी वस्तू. खालचा तळ कानशीसारखा आडव्याउभ्या चिरांनी खरखरीत केलेला, वर मूठ म्हणून पक्षी किंवा प्राणी. काहींच्या पोकळ पोटात बारीक खडे असतात, त्यामुळे घासताना ती वाजते. अशी पोकळ वस्तू ओतायची तर आधी मातीचा गाभा करतात, त्यावर मेण चढवून नक्षी काढतात, वरून पुन्हा मातीचा लेप देतात आणि भट्टीत मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. मेणाचा थर कुठे पातळ राहिला तर तिथे पितळ पोहोचत नाही आणि भोक पडते. काचेजवळ जाऊन तळाच्या चिरा पाहा. मधल्या झिजलेल्या दिसल्या तर ती वज्री खरोखर वापरातली.

अडकित्त्यांपुढे घाई करू नये. पोपट, घोडा, मोर, जोडपे असे नाना आकार आहेत, पण पाहायचे ते पाते आणि खिळा. अंग पितळेचे असले तरी पाते पोलादाचेच लागते, कारण पितळेला धार टिकत नाही. खिळा सैल झाला की पाते बाजूला सरकते आणि सुपारी कातरली न जाता फुटते. नक्षी कितीही देखणी असो, पाते खालच्या दांड्यावर सरळ बसत नसेल तर तो अडकित्ता कामाचा नाही.

दिव्यांच्या दालनात मी सर्वांत जास्त रेंगाळतो. जुन्या लामणदिव्यांत एक हुशार प्रकार असतो: तेलाचा साठा पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोटात, आणि खाली वातीचे ताट. ताटातल्या तेलाने नळीचे तोंड झाकले की आत हवा जात नाही, म्हणून तेल थांबते. वात जळून पातळी उतरली की तोंड उघडे पडते, हवेचा बुडबुडा वर चढतो आणि तेवढेच तेल खाली येते. भरायच्या तोंडाचे झाकण मात्र घट्ट हवे. ते जरा जरी ढिले राहिले तर वरून हवा शिरते आणि सगळे तेल ताटाबाहेर सांडते.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही काकासाहेबांनी इथे आणून उभे केले. जुन्या वाड्यांच्या लाकूडकामात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, म्हणून ते सोडवून दुसरीकडे नेता येते. पण सोडवताना प्रत्येक तुकड्यावर खूण करावी लागते, नाहीतर कमान पुन्हा जुळत नाही. खांब आणि तुळई मिळतात तिथले सांधे मान वर करून पाहावेत.

फोटोचा नियम तिकीटखिडकीवर विचारून घ्या. मुलांना न्यायचे असेल तर पाटी झाकून 'हे कशासाठी असेल?' असा खेळ खेळा. स्वयंपाकघराच्या कपाटांपुढे तो छान रंगतो. बरोबर आजी असली तर फारच उत्तम. वज्रीने पाय घासलेली आणि अडकित्त्याने सुपारी कातरलेली माणसे घराघरांत अजून आहेत, आणि पाटीवर नसलेले ती सांगतील.