खाऱ्या पाण्याची टाकी आणि पुण्याचा उन्हाळा

खाऱ्या पाण्यातील मासे पाळू इच्छिणाऱ्याने आधी मासा नव्हे, तर पाणी सांभाळायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर आणि वाळूत स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणेच होय. (दुकानदार मात्र त्याच दिवशी क्लाउनफिश पिशवीत बांधून देण्यास तयार असतो.)

पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये खरी कसोटी बाष्पीभवनामुळे लागते. पाणी उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने भरून काढल्यास क्षारता वाढतच जाते, म्हणून ही भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घालावी. मी काचेवर पेनाने रेघ मारून ठेवली असून रोज सकाळी पाणी तिथपर्यंत आणतो आणि थोड्या वेळाने रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर) दोन थेंब टाकून विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता) १.०२५ च्या आसपास आहे ना, हे पाहतो. तापमान २६ अंशांच्या जवळ राखण्यासाठी पृष्ठभागावर रोखलेला लहान पंखा उपयोगी पडतो, परंतु त्याने बाष्पीभवन आणखी वाढत असल्याने त्या दिवसांत संध्याकाळीही पातळी तपासावी लागते.